वाचकांचे प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेतलं रिव्हॉल्वर

प्रश्न : आजोबा गावचे पोलीस पाटील होते. त्यांचं रिव्हॉल्वर पुढे वडिलांच्या परवान्यावर आलं. वडील गेल्या पौषात गेले. माळ्यावरची ट्रंक उघडली तर त्यात ते निघालं. वरचा खटका उचलला की नळी खाली झुकते आणि मधून उघडतं. चक्रीत गोळ्यांची घरं पाच. कंपनीचं नाव कुठेच नाही. चक्रीवर अंडाकृती शिक्का आहे, त्यात ‘ईएलजी’ ही इंग्रजी अक्षरं, खाली चांदणी, वर मुकुट. मित्राच्या कानपुरी .३२ रिव्हॉल्वरची गोळी घालून पाहिली, ती अर्धी जाऊन अडकते. डब्यात जुन्या आखूड गोळ्याही आहेत, हिरव्या पडलेल्या. दसऱ्याला शस्त्रपूजा झाली की हवेत एक बार काढायची आमच्या घरची रीत आहे. हे रिव्हॉल्वर कुठलं? बार काढला तर चालेल का?
— एक वाचक, ता. चोपडा

उत्तर : बार काढू नका. या दसऱ्याला नाही, पुढच्याही नाही. तुमचं पत्र वाचून मी हे आधी लिहितोय, बाकीचं सावकाश सांगतो.

तो शिक्का बेल्जियममधल्या लिएज शहराचा आहे. बंदुका घडवणं हा त्या शहराचा पिढीजात धंदा. तिथल्या लहान लहान कारखान्यांनी अमेरिकेच्या स्मिथ अँड वेसनच्या धर्तीवर अशी मधून उघडणारी रिव्हॉल्वरं भरपूर बनवली आणि पुष्कळांवर नाव घातलंच नाही. अंडाकृतीवर मुकुट आला तो १८९३ पासून, म्हणजे तुमचं त्यानंतरचं. शिक्क्याचा अर्थ एवढाच, की हे हत्यार तिथल्या सरकारी चाचणीतून गेलं. पण कोणत्या दारूच्या चाचणीतून, जुन्या काळ्या की नंतरच्या बिनधुराच्या? बिनधुराच्या दारूवर तपासलेल्या हत्यारावर सिंह आणि त्याखाली ‘पीव्ही’ अशी खूण असते. तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही. ती खरंच नसेल, तर ते काळ्या दारूचं रिव्हॉल्वर समजायचं. एक विनंती, पूजेसाठी चमकावं म्हणून त्याला पॉलिश पेपर लावू नका. शिक्के गेले तर त्याची ओळखच गेली. हळदकुंकूही शेजारच्या ताटात वाहा. खटक्यात शिरलेलं कुंकू ओल धरतं आणि पोलाद खातं. अशी कितीतरी हत्यारं मी पाहिली आहेत.

आता अडकलेली गोळी. .३२ नावाच्या दोन गोळ्या आहेत. आखूड आली १८७८ मध्ये, काळ्या दारूची, तिची पुंगळी, म्हणजे दारू भरलेली पितळी नळी, साधारण १५ मिलिमीटर. लांब आली १८९६ मध्ये, तिची पुंगळी २३ मिलिमीटरच्या वर. कानपूरचं रिव्हॉल्वर ही लांब गोळी घेतं. तुमच्या चक्रीतल्या घरांना आत पायरी आहे. लांब पुंगळी त्या पायरीवर टेकते, म्हणून आठेक मिलिमीटर बाहेर राहते. तेव्हा तुमचं हत्यार बहुधा आखूड .३२ चं आहे. उद्या कुणी कारागीर म्हणेल, ‘घर जरा खोल करून देतो, बसेल.’ त्याच्याकडे अजिबात जाऊ नका.

आपल्याकडे म्हणतात, ‘गोई बसनी म्हंजे चालनी.’ माझे मामा हेच म्हणायचे. पारोळ्याकडच्या एका लग्नात त्यांनी असंच घरं खोल केलेलं रिव्हॉल्वर वर करून झाडलं. दोन बार नीट निघाले. तिसऱ्याला वरचा खटका सुटला, रिव्हॉल्वर हातातच उघडलं आणि फाटलेल्या पुंगळीचा पितळी तुकडा त्यांच्या भुवईत घुसला. अर्धा इंच खाली असता तर डोळा गेला असता. मी तेव्हा शाळेत होतो. तो मांडव, ते धोतरावरचं रक्त मला अजून दिसतं.

पुढे वरणगावच्या फॅक्टरीत गोळ्यांच्या तपासणीवर लागलो, तेव्हा तिसऱ्या बाराला काय झालं असेल ते कळलं. दाब मोजायची जुनी पद्धत अशी : जाड चाचणी-नळीला भोक, भोकात दट्ट्या, दट्ट्यावर तांब्याचा छोटा ठोकळा. गोळी झाडली की ठोकळा चेपतो. किती चेपला ते मोजायचं आणि त्यावरून दाब काढायचा. काळी दारू भस्सकन पेटते, पण तिचा दाब एका मर्यादेत राहतो. आजच्या गोळ्यांतली बिनधुराची दारू बंद जागेत जळते तसा दाब चढतो, आणि दाब चढला की ती आणखी वेगाने जळते. अखंड चौकटीच्या रिव्हॉल्वरमध्ये हा धक्का चक्रीवरून जाणारी सलग पोलादी पट्टी झेलते. तुमच्यात ती पट्टी खटक्याशी तुटलेली आहे. सगळा भार खटक्यावर आणि खालच्या बिजागरीच्या खिळ्यावर. शंभर वर्षं उघडझाप झालेल्या खटक्यावर!

मधून उघडणारं जुनं रिव्हॉल्वर कधीच झाडता येत नाही, असं मी म्हणत नाही. चांगल्या कंपनीचं, बिनधुराच्या चाचणीचा शिक्का असलेलं, परवान्यावरचं असेल तर दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराने ते आधी तपासावं. बंद करून नळी आणि मूठ हलवली तर खटक्यात खेळ जाणवता कामा नये. घोडा पाडून चाप दाबून धरला की चक्री जागच्या जागी घट्ट राहावी, आणि हे एका नव्हे, प्रत्येक घराला. नळीतून मापाची सळई सोडली तर ती घराच्या कडेला न अडखळता आत उतरावी. अडखळली तर शिसं नळीच्या काठावर तासलं जातं आणि बाजूच्या माणसाच्या अंगावर उडतं. त्यानंतरही पहिले बार हत्यार जड स्टँडला बांधून, आडोशामागून दोरीने, फक्त योग्य मापाच्या नव्या शिशाच्या गोळ्यांनी. एवढं सगळं करूनही बिननावाचं लिएजचं रिव्हॉल्वर मी स्वतः झाडणार नाही. डब्यातल्या हिरव्या गोळ्या तर कशातच घालू नका, ठोकून उघडूही नका.

कायद्याचं उद्यावर टाकू नका. परवाना माणसाचा असतो, घराचा नव्हे. वडिलांबरोबर तो संपला. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ प्रमाणे हत्यार आणि गोळ्या विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायच्या असतात. आधी ठाण्यात जुना परवाना आणि मृत्यूचा दाखला दाखवा. हत्यार कधी आणि कसं आणायचं ते तेच सांगतील. मग वारस म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करा, २०१६ च्या नियमांत वारसांसाठी तरतूद आहे. ‘जुनं आहे, परवाना कशाला’ असं कुणी सांगेल. ती सूट दुरुस्त करूनही चालणार नाही अशाच जुन्या हत्याराला आहे. मित्राची गोळी आजच परत करा. आणि हवेतल्या बाराबद्दल : २०१९ च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या भरात बेफिकीर गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर गेलेली गोळी कुणाच्या तरी अंगणात उतरते. तुमच्याकडे केळीच्या बागांत दसऱ्यालाही मजूर असतात.

प्रश्न : काकांकडे वेब्ली मार्क ४, .३८ आहे. .३८ स्पेशल गोळ्या चालतील का?
— एक वाचक, शिरपूर

उत्तर : नाही. वेब्ली हे जुनं ब्रिटिश रिव्हॉल्वर. त्याची गोळी आखूड आणि किंचित जाड, .३६१ इंचाच्या आसपास. स्पेशल लांब आणि बारीक, .३५८ च्या आत. स्पेशल बसत असेल तर कुणीतरी घरं कोरली आहेत, आणि ते हत्यार अजिबात झाडायचं नाही. शिवाय .३८० ची रिमवाली (बुडाला कडा असलेली) गोळी घेणारं रिव्हॉल्वर आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे मनाई असलेल्या मापात येतं, त्याला केंद्राची मंजुरी लागते. काकांच्या परवान्यावर बोअर काय लिहिला आहे, ते आधी वाचा.