दोरीकडे दुर्लक्ष करा म्हणालीस, मी तिकडंच बघत बसले

पत्र, थोडं कापून:

"मावशी, आम्ही सांगलीत गावभागात राहतो. घर जुनं आहे, आजेसासऱ्यांनी बांधलेलं. २०१९ च्या पुरात हॉलमध्ये गळ्याएवढं पाणी होतं, तेव्हापासून घराला जी अवकळा आलीये ती गेलीच नाही. भिंतीवर पाण्याची रेघ अजून दिसते, बसायला प्लॅस्टिकच्या खुर्च्या. दिवाळीनंतरची भिशी माझ्याकडे आहे, बारा बायका येणार. हातात १८,००० आहेत, तेही भिशीचेच. मला एल शेपचा सोफा, टीव्हीच्या भिंतीला वॉलपेपर आणि एक टीव्ही युनिट एवढंच करायचंय. मिस्टर म्हणतात आहे त्यात भागव, एक रुपया देत नाहीत. सासूबाई (वय ७४) म्हणतात, पुराचं घर हे, नटवून काय करायचंय. त्या दिवसभर दारात खुर्ची टाकून बसतात, येणाऱ्याला त्यांना वळसा घालून आत यावं लागतं. फोटो पाठवलेत. दोरीवरच्या कपड्यांकडे दुर्लक्ष करा, वर झोपाळ्याच्या कड्या आहेत म्हणून तिथं दोरी बांधलेली आहे, झोपाळा माळ्यावर आहे. नवीन घेऊ का जुन्यातलंच काही जमवू? आणि सासूबाईंना दारातून हलवायचं कसं?"

अगं बाई, पाचही फोटो बघितले. तू म्हणालीस दोरीकडे दुर्लक्ष करा, आणि मी चष्मा पुसून पुसून दोरीच बघत बसले. निळी नायलॉनची दोरी, चार कड्यांतून ओवून घेतलेली, त्यावर एक टॉवेल, शाळेचा युनिफॉर्म आणि कुणाचा तरी बनियन. आणि त्या कड्या! पितळेच्या आहेत गं त्या, काळ्या पडल्यात म्हणून लोखंडाच्या वाटतायत, झूम करून बघ, जिथं दोरी घासते तिथं पिवळी रेघ उमटलीय.

आता तुझं पत्र परत वाच. नवरा पैसे देत नाही, सासू ऐकत नाही, पुरानं वाट लावली. प्रत्येक गोष्टीला कर्ता आहे. फक्त दोरी "बांधलेली आहे" आणि झोपाळा "माळ्यावर आहे". कुणी बांधली? कुणी चढवला? आपल्या मराठीत ही फार सोयीची जागा आहे, कप "फुटला", दूध "उतू गेलं", दोरी "बांधलेली आहे". मी पन्नास वर्षं घर चालवलंय, मलाही हे व्याकरण चांगलं येतं. दोरी तूच बांधलीस. पुरानंतर कपडे वाळत घालायला कोरडी जागा नव्हती, तेव्हा बांधली असशील, बरोबरच केलंस. पण त्यानंतर किती उन्हाळे गेले?

म्हणून तुला सोफा कुठला घेऊ, वॉलपेपर कुठल्या रंगाचा घेऊ हे काही मी सांगणार नाही. ह्या रविवारी दोरी सोड आणि झोपाळा खाली आण. ते होईपर्यंत फर्निचरच्या दुकानाची पायरी चढायची नाही, बघायला म्हणून पण नाही, मला माहितीये आपण "नुसतं बघायला" कशा जातो ते.

तुझा दुसरा प्रश्न वाचून मला आधी हसू आलं मग राग आला. सासूबाईंना दारातून हलवायचं कसं म्हणे. अगं, त्या घरात लग्न करून आल्यापासून जी बाई झोपाळ्यावर बसली असेल, तिथंच भाजी निवडली असेल, तिथूनच रस्त्यावरचं कोण आलं कोण गेलं बघितलं असेल, तिची बसायची जागाच तू कपड्यांना दिलीस, आता ती खुर्ची घेऊन दारात नाही बसणार तर कुठं बसेल? तुझ्या पहिल्या फोटोत त्यांची खुर्ची आहे ना, तिचा एक पाय उंबऱ्याला टेकलाय आणि तोंड रस्त्याकडं. झोपाळ्याच्या कड्यांवरून एक सरळ रेघ दारातून बाहेर काढ, त्याच रेघेवर ती खुर्ची येते. त्यांना तेच दिसायला पाहिजे जे आधी दिसायचं, म्हणून त्या तेवढ्या पुढं सरकल्यात. बास.

सासूबाई म्हणजे कुणी देवमाणूस आहेत असं मी म्हणत नाहीये हां. "पुराचं घर" हे जे दरवेळी काढतात ते मलाही आवडलं नाही, त्यात दुःख कमी आणि टोमणा जास्त आहे. पण टोमण्यावर उत्तर सोफा नाही. आणि मिस्टरांचं तर मी काही बोलतच नाही, आहे त्यात भागव म्हणणाऱ्या माणसाला माळ्यावर काय आहे ते तरी माहितीये का विचार, आणि रविवारी शिडी त्यालाच धरायला लाव.

तू म्हणशील झोपाळ्यानं जागा अडते. टेप घे. तुझा हॉल फोटोवरून बारा बाय चौदाचा वाटतो. एल शेप सोफा म्हणजे एका बाजूला सात-आठ फूट, दुसऱ्या बाजूला पाच-सहा, आणि तो कायमचा तिथंच. झोपाळ्याला पाटीच्या मागं-पुढं तीन-तीन फूट मोकळं लागतं ते खरं, पण ती जागा मोकळीच राहते, तिथून चालता येतं, खाली सतरंजी टाकून सहा बायका बसतील. बारा बायका सोफ्यावर बसणार होत्या का? त्या शेवटी खालीच बसतात, भिशीला कोण सोफ्यावर बसतंय.

आणि मेन मुद्दा, तू कृष्णेच्या काठावर राहतेस. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, २०२१ च्या जुलैत परत ५० च्या वर. दर जुलै-ऑगस्टमध्ये तुम्ही सगळे कोयनेतून किती क्युसेक सोडलं, अलमट्टी धरणात किती साठा आहे ते बघत फोन हातात घेऊन बसता. पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीच्या पुढं सरकायला लागलं की एल शेप सोफा कुठं नेणार आहेस? फोम, रेक्झिन, आत पार्टिकल बोर्ड, तो एकदा भिजला की घंटागाडी पण घेत नाही. झोपाळा म्हणजे एक पाटी आणि चार साखळ्या, आकडे काढले की दोन माणसं दहा मिनिटांत माळ्यावर चढवतात. चढवलेला परत उतरवायचाही असतो एवढंच तुमच्या घरात राहून गेलंय.

पार्टिकल बोर्डचं निघालंच म्हणून सांगते, मी इथं साताऱ्यात एक टीव्ही युनिट घेतलं होतं, दुकानदारानं छातीठोक सांगितलं वॉटरप्रूफ आहे. भिंतीला ओल आली दोन पावसाळे. तिसऱ्या पावसाळ्यात दार उघडलं तर बिजागरी स्क्रूसकट हातात आली, आणि भोकातून ओला भुसा पडला, पोह्याचा चुरा असतो ना तसा. त्यासाठी मी आईचं सागवानी कपाट काढलं होतं. कितीला ते विचारू नकोस.

आता काम कसं करायचं ते.

आधी सुतार बोलव, फर्निचर लावून देणारा पोरगा नको, म्हातारा सुतार बघ. कड्या तुळईत आरपार आहेत का नुसत्या स्क्रूच्या आहेत, तुळईला वाळवी लागलीय का, एवढं त्याला बघू दे. हातोडीच्या दांड्यानं ठोकलं की भरीव लाकूड टणटण वाजतं आणि खाल्लेलं लाकूड बद्द. तुळई पुरात भिजलेली नसली तरी बघायचंच, कारण वाळवी भिंतीतल्या ओलीनं वर चढते. त्यानं हो म्हटलं तरी माणूस लगेच बसवायचं नाही. साखरेचं एक पोतं ५० किलोचं, अशी तीन पोती पाटीवर रात्रभर ठेव, सकाळी कडीपाशी भेग पडलीय का, भुसा गळालाय का बघ. पोती कुठनं आणू म्हणू नकोस, सांगलीत राहतेस तू, गणपती पेठेत ओळखीचं एक दुकान नाही?

पाटी खाली आली की पाणी ओतून धुवत बसू नको. पुराची माती लाकडाच्या रेषांत वाळून बसलेली असेल, ती सुक्या ब्रशनं काढ. मग पॉलिश पेपर, आधी ८० नंबर, मग १२०, शेवटी २२०, आणि नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेनं, आडवा घासलास तर ओरखडे जन्मभर दिसतील. वर जवसाचं तेल, फडक्यानं पातळ हात, पूर्ण वाळू दे, परत एक हात. सागवान असेल तर दुसऱ्या हाताला असा काही रंग वर येतो ना, मध सांडल्यासारखा. एक लक्षात ठेव, तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत. जवसाचं तेल वाळताना गरम होतं, बोळा करून ठेवलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. पसरून अंगणात वाळव, मग टाक.

कड्या-साखळ्यांना चिंच आणि मीठ. साखळ्या तासभर कोळात ठेव, कड्यांना जागच्या जागी कोळ चोपड, नारळाच्या शेंडीनं घास, धुऊन लगेच कोरड्या कर नाहीतर परत डाग पडतात. सांध्यात थोडं ग्रीस घाल. थोडंच, कारण झोपाळा जरा करकरलाच पाहिजे.

भिंतीचं पटकन सांगते. त्या रेघेवर वॉलपेपर लावायचं डोक्यातून काढ. तिसऱ्या फोटोत रेघेच्या खाली जे पांढरं फुललंय तो लोणा आहे, भिंत अजून आतनं ओल सोडतेय, वॉलपेपर चिकटवलास तर ओल आत कोंडेल आणि पुढच्या पावसाळ्यात बुरशीसकट सुटून येईल. लोणा ओल्या फडक्यानं पुसू नको, क्षार विरघळून परत भिंतीतच जातात, सुक्या ब्रशनं झाडून काढ. जुना डिस्टेंपर खरवडून घे, त्याच्यावर चुना धरत नाही. मग चुन्याचे तीन पातळ हात, त्यात चिमूटभर नीळ, हातात मोजे घालून, डोळे सांभाळून. चुन्यातून भिंतीला श्वास घेता येतो. रेघ पुसट दिसेल तरी. दिसू दे की. सांगलीत कुणाच्या भिंतीवर नाहीये रेघ? तुझ्या बारा जणींतल्या निम्म्या जणी आपापल्या घरातली रेघ किती उंच होती ते सांगत बसतील, चहा गार होईल.

टीव्ही युनिटचं पण तेच. चौथ्या फोटोत दाराशेजारी दोन देवळ्या आहेत, एकीत मोबाईलचे चार्जर कोंबलेत, दुसरीत रद्दी. त्या रिकाम्या केल्यास तर तुला शोकेस कशाला पाहिजे? माळ्यावर झोपाळ्याबरोबर अजून बोचकी असणारच, जुन्या चादरीत बांधलेली, त्यात एखादा लामणदिवा, फिरकीचा तांब्या, घंगाळ काहीतरी निघेल. दोनच वस्तू ठेव, सगळं एकदम मांडून म्युझियम करू नको. पडद्यांना सासूबाईंची एखादी सुती नऊवारी मागून घे, एका लुगड्यात दाराचे तीन पडदे होतात. कुठली द्यायची ते त्या ठरवतील, तू कपाट उघडायचं नाही.

हिशेब म्हणशील तर सुताराची मजुरी, पॉलिश पेपर, तेल, चुना, रंगाऱ्याचा एखादा दिवस, माझ्या अंदाजानं पाच-सहा हजारांत बसतंय सगळं. बाकीचे राहू देत. त्यातनं एकच नवीन वस्तू घ्यायची, कपडे वाळवायचा घडीचा स्टँड, तो मागच्या पडवीत. नाहीतर पहिल्याच पावसात कुणीतरी झोपाळ्याच्या साखळीवर टॉवेल टाकेल आणि ते "कुणीतरी" कोण असेल ते आपल्या दोघींना माहितीये.

रविवारी सासूबाईंना आधी विचारत बसू नको, विचारलंस की "पुराचं घर" सुरू होईल. दोरी सोड, शिडी लाव, पाटी खाली घे. त्या दारातनं वळून बघतीलच. साखळी अडकवायची वेळ आली की तेवढं मात्र त्यांना विचार, कितव्या कडीत आकडा घालायचा ते. जमिनीपासून दीड फूट वगैरे माप मी सांगू शकते, पण पाय कुठं टेकायचा हे त्यांच्या टाचेला पाठ आहे. त्या दोनदा काढायला लावतील, आखूड झाली म्हणतील, मग लांब झाली म्हणतील. काढ आणि घाल. वर त्यांचीच एखादी वाकळ घडी करून टाक, उशा नकोत.

मग फोटो पाठव, आणि ह्या वेळी कशाकडे दुर्लक्ष करा असं लिहू नको.

मावशी