थंडीत मोठं वादळ येणार म्हणतात. केळीचं काय करू, आणि पोराला गोव्याला लाटांवर पाठवू का?

प्रश्न थोडक्यात असा: यावल तालुक्यात चार एकर केळी, निम्मी मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली), निम्मी कांदेबाग (पावसाळ्यानंतर लावलेली). खळ्यात मका पडलाय, कापसाची शेवटची वेचणी राहिलीय. नाताळनंतर गारपिटीचा इशारा आहे आणि त्याच आठवड्यात मुलगा मित्रांबरोबर गोव्याला सर्फिंग शिकायला निघालाय. अंदाज कसा वाचावा?

भाऊ, मी तुमच्या शेजारचाच, चोपड्याकडचा. मधली सात वर्षं गोव्यात नोकरीला होतो. तिथे फळीवर उभं राहायला शिकलो, म्हणजे बहुतेक वेळ पडायलाच. म्हणून सांगतो, तुमचे प्रश्न दोन दिसतात पण वादळ एकच आहे.

हिवाळ्यात आपल्याकडे जो बिनमोसमी पाऊस येतो, तो बहुतेकदा पश्चिमी झंझावाताचा. भूमध्य समुद्राकडून इराण, अफगाणिस्तान ओलांडत ही प्रणाली येते, हिमालयात बर्फ पाडते. एरवी तिची झळ उत्तर भारतापुरतीच. पण कधी कधी तिचा पट्टा गुजरात-खान्देशापर्यंत खाली उतरतो. वरच्या थरात गार हवा घुसते, खालून अरबी समुद्राची दमट हवा येते, आणि ढग उंच चढून गारा धरतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट तुम्ही विसरला नसालच.

आता अंदाज. हवामान खात्याच्या पत्रकात 'खान्देश' शोधत बसू नका, जळगाव, धुळे, नंदुरबार हे 'मध्य महाराष्ट्र' या विभागात येतात. त्याखाली जिल्हानिहाय रंग असतात: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हातातलं काम सोडून आधी बचावाचं बघा. पण रंग जिल्ह्याला असतो, गटनंबरला नाही. गारेचा पट्टा अरुंद असतो. रावेरात केळीची पानं चिंध्या झालेली आणि फैजपुरात धूळसुद्धा बसली नाही, असं होऊ शकतं. इशारा खोटा ठरला म्हणून खात्याला शिव्या घालणाऱ्यांत मीही होतो.

माझं सांगतो. एका वर्षी पिवळा इशारा होता आणि आमचा मका खळ्यात उघडा. ताडपत्री होती, पण फाटकी. 'पिवळाच तर आहे' म्हणून नवी आणायचं टाळलं. त्या रात्री झोपताना गोधडी पायाशी ढकलावी लागली होती. पहाटे मोटार चालू करायला गेलो तर केळीची पानं कोरडी. रोज त्या वेळी बागेत शिरलं की सदरा दंवाने ओला होतो, त्या दिवशी एक थेंब नाही. ढगांनी उष्णता अडवली होती, म्हणून रात्र उबदार आणि दंव गायब. मला ते कळलं नाही असं नाही, कळून दुर्लक्ष केलं. दुपारी चारला पत्र्यावर तडतड सुरू झाली. मका भिजला, व्यापाऱ्याने भाव पाडला. ताडपत्रीचे पैसे त्यात कितीदा तरी निघाले असते.

तेव्हा नारिंगीची वाट बघू नका. मका झाकून त्याच्याभोवती चर काढा, फुटलेला कापूस आधी घरात आणा. फवारणी आणि खत पुढे ढकला. गारेपुरती कांदेबागेची फार काळजी नको. रोप लहान आहे, पोंगा (न उलगडलेलं नवं पान) आत असतो, पानं फाटली तरी नवी येतात. खरी चिंता निसवलेल्या, म्हणजे घड बाहेर पडलेल्या मृगबागेची. घड लागलेल्या झाडांना बांबूचा टेकू किंवा पट्टी द्या, ती वाऱ्यासाठी. गारेवर मात्र उपाय नाही, कोणी फवारणीचं औषध विकायला आलं तर चहा पाजून परत पाठवा. विमा असेल तर नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यायची असते, फोटो त्याच दिवशी काढा. आणि विजेसाठी मोबाइलवर 'दामिनी' हे इशारा देणारं ॲप ठेवा. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास झाडाखाली किंवा मोकळ्या रानात कोणी थांबू नये.

आता पोराचं. गोव्यात डिसेंबरात समुद्र एरवी शांत, शिकायला उत्तम. पण हाच झंझावात इराणवरून सरकला की त्याच्यामागे पर्शियन आखातात वायव्येचा जोरदार वारा सुटतो, त्याला शमाल म्हणतात. तो वारा ज्या लाटा उठवतो त्या थेट आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येतात. आठ सेकंदांच्या लाटांचा ताफा खोल समुद्रात तासाला साधारण २२ किलोमीटर सरकतो. ओमानच्या टोकापासून गोवा १,६०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे तीन दिवस. त्यामुळे गंमत अशी होते की आपल्याकडे आभाळ भरलेलं असतं आणि तिकडे निळ्याशार आकाशाखाली पाणी फुगत असतं. नवखा माणूस आकाश बघून आत जातो आणि फसतो.

त्याला म्हणावं, पावसाचा अंदाज नको बघू, हैदराबादच्या 'इन्कॉइस' या महासागर माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज बघ. तिथली उंची म्हणजे सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी, एखादी लाट तिच्या जवळजवळ दुप्पटही येते. मी स्वतः शिकत होतो तेव्हा दीड मीटरच्या वर आकडा दिसला की किनाऱ्यावर बसून भजी खायचो. पाण्यात सकाळी उतरायचं, दुपारी समुद्रावरून वारा सुटला की पाणी खडबडीत होतं. जीवरक्षकांनी लाल बावटा लावला असेल तर वाद घालायचा नाही. आत ओढणाऱ्या प्रवाहात सापडला तर सरळ किनाऱ्याकडे झगडायचं नाही, किनाऱ्याला समांतर सरकून बाहेर यायचं, आणि फळी सोडायची नाही. एवढं पाळणार असेल तर पाठवा. गाडीचं तिकीट फुकट घालवण्यासारखं काही नाही.

तो तिकडे लाटांवर असेल तोवर तुमच्याकडचं आभाळ मोकळं झालेलं असेल आणि उत्तरेचा वारा सुटेल. ढग गेल्यावरची ती पहिली-दुसरी रात्र कांदेबागेला थंडीचा चरका देते. त्या रात्री बारानंतर पाणी सोडा. विहिरीचं पाणी हिवाळ्यात कोमट असतं, तेवढं पुरतं. लाइटचं वेळापत्रक मात्र आजच बघून ठेवा.