ओव्हन नसताना तिखटमिठाची भरलेली पाई गॅसवर नीट भाजता येते का?

आपण लिहिले आहे की, घरी ओव्हन नसल्यामुळे आपण चीज भरलेली पाई दोनदा कढईत झाकण ठेवून भाजली आणि दोन्ही वेळा तळ करपला, वरची पारी मात्र कच्ची आणि ओलसर राहिली. यावर उपाय आहे, परंतु तो आच कमीजास्त करण्यात नाही. ओव्हनसाठी बेतलेली पाई गॅसवर आणण्याऐवजी जी मुळातच तव्यावर भाजली जाते ती करावी, असे स्वतः अनेकदा करून पाहिल्यावर माझे ठाम मत झाले आहे.

ओव्हनमध्ये साधारण 180 ते 200 अंश सेल्सिअसची कोरडी हवा पाईला सर्व बाजूंनी वेढते, म्हणून वरची पारीही तळाबरोबरच तांबूस होते. गॅसवर उष्णता केवळ तळातून मिळते. झाकण ठेवले की सारणाची वाफ झाकणाला लागून तिचे पाणी होते आणि ते पुन्हा पारीवर ठिबकते. त्या ओलाव्यात पारीचा वरचा भाग 100 अंशांच्या पुढे जात नाही, त्यामुळे तो भाजला न जाता उकडला जातो. तांबूस रंग आणि खरपूस वास येण्यासाठी साधारण 140 अंशांच्या वर जावे लागते. म्हणून पाई उलटून वरची बाजू तव्याला लावणे भागच आहे, आणि इंग्रजी पद्धतीची, भरपूर लोणी घालून खुसखुशीत केलेली पारी उलटताना मोडते.

उलटता येईल अशी, मला सर्वांत आवडणारी पाई म्हणजे कॉकेशस पर्वताच्या परिसरातील जॉर्जिया देशाची खाचापुरी. तिथल्या भाषेत ‘खाचो’ म्हणजे दुधापासून केलेले ताजे, भुसभुशीत चीज आणि ‘पुरी’ म्हणजे पाव. तिचे प्रांतागणिक प्रकार आहेत. अजारा प्रांतातील होडीच्या आकाराची, वर अंडे फोडून घातलेली खाचापुरी उघडी असते, त्यामुळे तिला वरून उष्णता लागतेच. कुताइसी हे ज्याचे मुख्य शहर आहे त्या इमेरेती प्रांतातील खाचापुरी मात्र गोल, चपटी आणि चहूबाजूंनी बंद असते, आणि ती जाड तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजता येते. आपल्याला हवी ती हीच.

ती करताना पुरणपोळी येणाऱ्या माणसाला नवीन असे फारसे शिकावे लागत नाही. 250 ग्रॅम मैद्यात अर्धा चमचा मीठ, अर्धा चमचा खाण्याचा सोडा आणि एक मोठा चमचा तेल घालून, सुमारे 170 ग्रॅम घट्ट दह्यात सैलसर पीठ मळावे आणि अर्धा तास झाकून ठेवावे. दह्याच्या आंबटपणामुळे सोडा फुलतो आणि पारी हलकी होते. सारणासाठी 250 ग्रॅम पनीर दाबून, पाणी काढून किसावे आणि त्यात 150 ग्रॅम किसलेले मोझरेला व चवीपुरते मीठ मिसळावे. जॉर्जियातील खारे चीज आपल्याकडे सहसा मिळत नाही, तेव्हा ही जोडी त्याच्या पुष्कळ जवळ जाते. एवढ्यात दोन खाचापुऱ्या होतात. सारणाचे वजन पिठाच्या गोळ्याइतकेच असल्याचे पाहून घाबरू नये. पुरणपोळीत पुरण आणि कणीक सारख्याच मऊपणाची असावी लागतात, तोच नियम इथेही लागू आहे: फ्रीजमधून काढलेले थंडगार चीज तसेच भरले तर लाटताना पारी फाटते, म्हणून सारण आधी बाहेर काढून ठेवावे. उंड्याचे तोंड मिटून ती बाजू खाली ठेवावी आणि लाटण्याऐवजी तळहाताने मधून कडेकडे दाबत, सुमारे दीड सेंटिमीटर जाडीची, 20 ते 22 सेंटिमीटर रुंद खाचापुरी थापावी. याहून जाड केली की आपला जुना त्रास पुन्हा सुरू होतो.

बिडाचा किंवा जाड बुडाचा तवा मध्यम आचेवर चांगला तापवून नंतर आच थोडी कमी करावी, आणि मिटलेली बाजू खाली येईल अशी खाचापुरी त्यावर टाकावी. पहिली पाच-सहा मिनिटे झाकण ठेवावे, म्हणजे आतले चीज वितळते आणि वरची बाजू उलटण्याइतकी घट्ट होते. त्यानंतर उलटून दुसरी बाजू चार-पाच मिनिटे झाकण न ठेवता भाजावी. माझ्या पहिल्या खाचापुऱ्या मी शेवटपर्यंत झाकून भाजल्या होत्या आणि त्या वातड झाल्या होत्या. दुसऱ्या बाजूला झाकण नको हे तेव्हा समजले.

चीज बाहेर येण्याची भीती वाटत असल्यास पहिल्यांदा ‘लोबियानी’ करावी, असे मी सुचवेन. याच पिठात शिजवून घोटलेला राजमा भरतात आणि 17 डिसेंबरला, संत बार्बाराच्या सणाला, जॉर्जियात ती आवर्जून खाल्ली जाते. राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, कुकरमध्ये पूर्ण मऊ शिजवावा, कारण अर्धवट शिजलेला राजमा पोटाला बाधतो. नंतर तो कोरडा घोटून त्यात लोण्यावर परतलेला कांदा, धने आणि मिरी घालावी. हे सारण वितळत नाही, त्यामुळे हात बसेपर्यंत तेच सोयीचे.

इंग्रजी पद्धतीचीच पाई हवी असेल तर वरून उष्णता देणे आवश्यक ठरते. गोव्यात बेबिंकाचा प्रत्येक थर भाजताना वर निखारे ठेवण्याची जुनी रीत याचसाठी आहे. मात्र बंद स्वयंपाकघरात निखारे पेटवणे धोक्याचे आहे, कारण त्यांतून विषारी कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. ते अंगणातच करावे. पातेल्यात मीठ तापवून त्यावर डबा ठेवण्याच्या युक्तीने केक होतो, पण पाईची वरची पारी फिकटच राहते. म्हणून मी आपल्याला त्या वाटेने जाण्यास सांगणार नाही.

खाचापुरी तव्यावरून काढल्याबरोबर वर लोणी फिरवावे आणि ती ताटात न ठेवता जाळीवर ठेवावी, नाहीतर खालची बाजू वाफेने ओली होते. पाच मिनिटांनी त्रिकोणी तुकडे करावेत. त्याआधी कापल्यास चीज वाहून जाते.