ब्रिटिश शोधप्रवासी स्कॉटची तुकडी दक्षिण ध्रुवावरून परतताना वन टन डेपो या शिधा-इंधनाच्या साठ्यापासून २० किमीवर का दगावली?
अपुरा शिधा, रॉकेलची तूट आणि मार्च १९१२ मधली उणे ४० अंशांजवळची थंडी, या तिन्हींमुळे. स्लेज स्वतः ओढणाऱ्याला रोज ६,००० कॅलरींच्या आसपास लागतात. शिधा सुमारे ४,५०० कॅलरींचा होता. साठ्यांतल्या डब्यांच्या चामडी वायसरांतून रॉकेल निसटले. रॉकेल नाही तर बर्फ वितळत नाही, म्हणजे पाणीही नाही. हे बहुतेक जण विसरतात. थंडीच्या आणि तुटीच्या नोंदी नोव्हेंबरमध्ये तंबूत सापडलेल्या स्कॉटच्या डायरीत आहेत. वन टन डेपोही ठरलेल्या ८० अंश दक्षिण अक्षांशाच्या ५० किमीहून अधिक उत्तरेला, म्हणजे ध्रुवापासून तेवढा दूर उभारला होता. पण तो ठरल्या जागी असता तरी सगळे वाचले नसते: तुकडीतले एडगर इव्हान्स फेब्रुवारीतच गेले होते, ओट्सचे पाय हिमदंशाने निकामी झाले होते. सोबत्यांचा वेग वाढावा म्हणून ओट्स हिमवादळात तंबूबाहेर निघून गेले. केवढे हे धैर्य!