मॉडेलर परत करू नकोस, आधी स्पीकरचं बघू

तुझा प्रश्न दोनदा वाचला. एचएक्स स्टॉम्प, म्हणजे गिटार ॲम्प आणि स्पीकरची डिजिटल नक्कल करणारी पेटी (मॉडेलर), घेऊन तीन आठवडे झालेत. हेडफोनवर बरा वाटतो, लॅपटॉपमधून ब्लूटूथ साउंडबारवर वाजवला की सूर उशिरा येतो, मित्राच्या गिटार ॲम्पला जोडला तर आवाज गोधडीखालून आल्यासारखा. मग कुणीतरी सांगितलं म्हणून त्यातली कॅब (स्पीकरच्या खोक्याची नक्कल) बंद केलीस, तर आता हेडफोनमध्ये डास घोंघावतात. आणि शेवटी विचारतोस की हा परत करून साधा ॲम्प घेऊ का, की स्पीकर घेऊ, आणि घ्यायचे तर कुठले. वयाने लहान दिसतोस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस.

परत करू नकोस. तू सांगितलेल्या तक्रारींपैकी एकही त्या पेटीची नाही. ती ज्यातून ऐकतोस, त्या स्पीकरशी तिचं जुळलेलं नाही, एवढंच झालंय.

मिरजेचा तंबोरा आठव. तारा आणि जवारी तीच ठेवली पण भोपळा काढून घेतला, तर काय उरेल? इलेक्ट्रिक गिटारचा भोपळा म्हणजे तिचा स्पीकर. १२ इंची गिटार स्पीकर हा मुद्दाम ‘अपुरा’ असतो. साधारण ७०-८० हर्ट्झच्या खाली तो फारसं काही देत नाही आणि ५ किलोहर्ट्झच्या वर त्याचा आवाज कड्यावरून पडावा तसा खाली येतो. ॲम्पमधून तयार होणाऱ्या डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे फाटलेल्या आवाजात, मात्र त्याच्याही वरच्या पट्टीतला भरपूर किरकिरा ऐवज असतो. तो गाळायचं काम स्पीकर करतो. तू कॅब बंद केलीस तेव्हा गाळणी काढलीस. हेडफोन २० किलोहर्ट्झपर्यंत सगळं इमानदारीने वाजवतात, म्हणून डास. मित्राच्या ॲम्पला जोडलास तेव्हा उलट झालं. मॉडेलरमध्ये कॅब चालू होती आणि पुढे खराखुरा गिटार स्पीकरही होता, म्हणजे दोनदा गाळलं. शिवाय ॲम्पच्या पुढच्या इनपुटमधून गेलास म्हणजे एका ॲम्पच्या आवाजाला दुसऱ्या ॲम्पचा प्रीॲम्प (आवाज घडवणारा पहिला टप्पा) लागला. म्हणून गोधडी.

तेव्हा पहिला नियम हा धर: हेडफोन, स्टुडिओ मॉनिटर, पीए (कार्यक्रमातले स्पीकर) असं काहीही सपाट, म्हणजे आहे तसं वाजणारं असेल तर कॅब चालू. खरा गिटार स्पीकर असेल तर कॅब बंद, आणि शक्यतो ॲम्पच्या मागच्या ‘इफेक्ट रिटर्न’मध्ये जोड, म्हणजे त्याचा प्रीॲम्प बाजूला राहतो. रिटर्नला जाताना ग्लोबल सेटिंगमध्ये आउटपुट ‘लाइन’ कर, पुढच्या इनपुटला जाताना ‘इन्स्ट्रुमेंट’.

इथे एक गोष्ट जरा कडक शब्दांत सांगतो. कुठल्याही ॲम्पचं स्पीकर आउटपुट मॉडेलरच्या इनपुटला कधीही लावू नकोस, मॉडेलर जळेल. आणि मित्राचा ॲम्प ट्यूबचा असेल तर स्पीकर काढून तो चालू करायचा नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो, आणि ती दुरुस्ती महागात पडते.

आता ब्लूटूथ. आवाज हवेतून एका सेकंदात साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदाला ३४ सेंटिमीटर. मॉडेलरला आत येऊन बाहेर पडायला दोन-तीन मिलिसेकंद लागतात, म्हणजे ॲम्पपासून मीटरभर लांब उभं राहण्याइतकं. हे कुणालाच जाणवत नाही. साध्या ब्लूटूथला दीडशे-दोनशे मिलिसेकंद लागतात. म्हणजे तुझा ॲम्प लोकलचे तीन डबे पलीकडे ठेवलाय आणि तू इथून वाजवतोयस. सिनेमा बघायला चालतं, कारण चित्रही तेवढंच मागे ओढता येतं. बोटं मागे ओढता येत नाहीत. साउंडबारला वायरने जोडलास तरी त्यातल्या खर्ज फुगवणाऱ्या सोयींमुळे खरं काय वाजतंय ते कळणार नाही. त्याला यातून वगळ.

‘साधा ॲम्प घेऊ का’ असं तुला का वाटलं असेल, याचा अंदाज आहे, कारण मलाही हेच वाटायचं. मी शिकलो तो स्ट्रेंजर कंपनीच्या छोट्या क्यूब ॲम्पवर. कोपऱ्यात जमिनीवर ठेवलेला, आवाज घोट्यावर आदळायचा आणि खोलीभर पसरायचा. पुढे २०११ च्या सुमारास पहिला मॉडेलर घेतला आणि वाटलं, हा आवाज कुठेतरी काचेच्या मागे आहे. कारण कळायला बराच काळ गेला. मॉडेलरमधली कॅब म्हणजे स्पीकर अधिक त्याच्यासमोर दोन-चार इंचांवर ठेवलेला माइक. एसएम ५७ सारखा माइक स्पीकरच्या मध्याजवळ धरला की आवाज चमकदार, कडेकडे सरकवला की मवाळ. आपण रेकॉर्डवर आयुष्यभर ऐकत आलो तो गिटारचा आवाज हाच, माइकने ऐकलेला. खोलीत ॲम्प वाजवताना मात्र आपला कान स्पीकरच्या समोर नसतो, वर आणि बाजूला असतो, आणि खोलीच्या भिंतीही त्यात मिसळतात. दोन्ही आवाज खरे आहेत, पण वेगळे. मॉडेलरकडून रेकॉर्डसारखा आवाज माग, तो लगेच देतो. कोपऱ्यातल्या क्यूबसारखा हवा असेल, तर त्याला खरा गिटार स्पीकरच द्यावा लागतो.

तुझ्या पेटीत ‘आयआर’ नावाचा ब्लॉक दिसला असेल. इम्पल्स रिस्पॉन्स. स्पीकर-माइकच्या एका ठरावीक मांडणीचा ठसा, छोट्याशा वेव्ह फाइलमध्ये. २,०४८ सॅम्पलचा आयआर ४८ किलोहर्ट्झला जेमतेम ४३ मिलिसेकंदांचा असतो, पण आवाजाचा चेहरा त्यात ठरतो. लोक हजारो आयआर उतरवून घेतात आणि मग वाजवणं सोडून निवडत बसतात. तू पहिले दोन महिने पेटीतल्याच कॅब वापर. ॲम्पचे नॉब फिरवण्याआधी कॅब बदलून बघ आणि माइकची जागा सरकवून बघ. ट्रेबल चारवरून सहावर नेण्याने जो फरक पडतो, त्याच्या कितीतरी पट फरक माइक इंचभर सरकवल्याने पडतो. हे ज्याला लवकर कळलं, त्याचे सहा महिने वाचले.

सुरुवातीला फॅक्टरी प्रीसेट, म्हणजे कंपनीने आधीच जुळवून दिलेले आवाज, बाजूला ठेव. त्यांत डिले, रिव्हर्ब, कोरस सगळं ओसंडून वाहत असतं. रिकामा प्रीसेट घे, एक ॲम्प, एक कॅब. बस. ट्रेडमार्कमुळे नावं आडवळणाने दिलेली असतात: ‘यूएस डिलक्स’ म्हणजे फेंडर डिलक्स रिव्हर्ब, ‘एसेक्स ए३०’ म्हणजे व्हॉक्स एसी३०, ‘ब्रिट प्लेक्सी’ म्हणजे मार्शल. स्वच्छ आवाजाला पहिला, किंचित फाटलेल्याला दुसरा, रॉकला तिसरा. या तिघांवर महिनाभर राहा. गेन (आवाज किती फाटावा ते ठरवणारा नॉब) जेवढा वाटतो त्याहून कमी ठेव आणि गिटारवरचा व्हॉल्यूम नॉब वापरायला शीक. तो दहावरून सहावर आणला की आवाज साफ होतो का ते बघ. मग कॅब ब्लॉकमध्येच लो कट (खालचं कापणारा) ८० ते १०० हर्ट्झला आणि हाय कट (वरचं कापणारा) ६ ते ८ किलोहर्ट्झला लाव. गिटारची खर्जाची तार ८२ हर्ट्झला बोलते. त्याच्या खाली जे घुमतं ते बेस गिटारचं आणि किक ड्रमचं राज्य आहे, तिथे आपलं काम नाही.

या शेवटच्या वाक्याची किंमत मी मंडळाच्या स्टेजवर चुकवली. डोंबिवलीत गणेशोत्सवातला ऑर्केस्ट्रा होता. रात्री जागून हेडफोनवर प्रीसेट बनवले होते, भरदार, गोड. स्टेजवर पहिलं गाणं सुरू झालं आणि माझी गिटार नाहीशी. नुसता एक गुरगुराट. आणि सोलोला पेडल दाबलं की समोरच्या रांगेतली मुलं कानांवर हात ठेवायची. दुसऱ्या गाण्यानंतर साउंडवाले दादा स्टेजजवळ येऊन म्हणाले, “खालचं सगळं कापतो हं, थोडं वरचंही घेतो.” त्यांनी कापलं आणि गिटार धुक्यातून बाहेर आल्यासारखी दिसायला लागली. त्या रात्री घरी येऊन शोधलं तेव्हा कारण सापडलं. बेल लॅब्समधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं होतं की आपला कान हळू आवाजात खर्ज आणि अगदी तीव्र स्वर कमी ऐकतो, आणि आवाज वाढत गेला की ते सगळं भरून येतं. म्हणजे रात्री हळू आवाजात आपण जे बास-ट्रेबल वाढवून ठेवतो, ते स्टेजवर दुपटीने अंगावर येतं. स्टेजसाठीचे प्रीसेट स्टेजच्याच आवाजात बनवावे लागतात. तासाभरासाठी जॅम रूम घे, ड्रमर सोबत असू दे, आणि तिथे ठरव. घरचे प्रीसेट घरचे, स्टेजचे स्टेजचे. मी अजूनही दोन वेगळे संच ठेवतो.

आता स्पीकर. दुकानदार वॉटमध्ये बोलतात, तू वॉटमध्ये विचार करू नकोस. सेलेस्टियनचा व्हिंटेज ३० हा गिटार स्पीकर एका वॉटला एका मीटरवर साधारण १०० डेसिबल देतो, ग्रीनबॅक ९८. घरातला चांगला हाय-फाय स्पीकर ८८ च्या आसपास. हा १२ डेसिबलचा फरक म्हणजे सोळापट शक्ती, कारण दर ३ डेसिबलला वॉट दुप्पट होतात. म्हणून व्हिंटेज ३० वर ५ वॉटचा ट्यूब ॲम्प जेवढा वाजतो, तेवढं वाजायला त्या दुसऱ्या स्पीकरला ८० वॉट लागतील. ‘माझे मॉनिटर ७० वॉटचे, मित्राचा ॲम्प १५ चा, तरी तोच मोठा कसा’ या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. खोक्यावर २,००० वॉट छापलेलं असलं तर ते बहुतेक ‘पीक’ असतं. कमाल डेसिबल किती, कितीपर्यंत आवाज स्वच्छ राहतो, ते विचार.

तू कोथरूडच्या फ्लॅटमध्ये राहतोस, भिंतीपलीकडे शेजारी आहेत, बँड अजून नाही. तर तुझा पहिला खर्च हेडफोनवर होऊ दे. बेयरडायनॅमिकचे डीटी ७७० (८० ओहमवाले) किंवा ऑडिओ-टेक्निकाचे एम५०एक्स, वायरवाले. दोन्हींत खर्ज किंचित जास्त आहे, ते ध्यानात ठेवून ऐक. रात्रीचा सराव यावरच होणार आहे, त्यामुळे इथे काटकसर करू नकोस.

त्यानंतर ५ इंची स्टुडिओ मॉनिटरची जोडी. यामाहाचे एचएस५ किंवा जेबीएलचे ३०५पी, दोन्ही प्रामाणिक आहेत. दहा बाय दहाच्या खोलीत ८ इंची घेऊ नकोस, खर्ज भिंतींना आपटून चिखल होतो. स्पीकर कोपऱ्यात कोंबू नकोस, ट्वीटर कानाच्या उंचीला आण, दोन स्पीकर आणि तुझं डोकं यांचा समभुज त्रिकोण होऊ दे, खाली फोमचे तुकडे ठेव. हे फुकटचे बदल आहेत आणि महागड्या स्पीकरइतका फरक पाडतात. जोडी परवडत नसेल तर एकच घे आणि ‘लेफ्ट/मोनो’मधून वाजव. मोनोत बनवलेला आवाज पुढे कुठेही फसत नाही.

बँड जमला की मग एफआरएफआर, म्हणजे सपाट वाजणारा पॉवर्ड स्पीकर. ड्रमर समोर असताना १०० डेसिबलच्या वर सहज जावं लागतं, तिथे ५ इंची मॉनिटर फाटतील. १० किंवा १२ इंची बघ. फेंडरचे टोन मास्टर एफआर-१० आणि एफआर-१२ याच कामासाठी २०२३ मध्ये आले, लाइन ६ चा पॉवरकॅबही आहे. नेहमीचा १० इंची पीए स्पीकर घेतलास तरी चालतो, घरच्या कार्यक्रमात माइकसाठीही उपयोगी पडतो. दुकानात ऐकायला जाताना स्वतःचा मॉडेलर आणि स्वतःचा प्रीसेट ने, आणि मोठ्याने वाजव. हळू आवाजात सगळे स्पीकर चांगलेच वाटतात.

आणि घोट्यावर आदळणाऱ्या त्या आवाजाचीच ओढ असेल, तर चौथी वाट: एक छोटा पॉवर ॲम्प आणि १२ इंची गिटार कॅब, नक्कल नव्हे, खराखुरा स्पीकरचा खोका. बोटांखाली जिवंत वाटतं. पण मग प्रत्येक प्रीसेट त्या एकाच स्पीकरच्या आवाजात बोलतो, आणि फ्लॅटमध्ये तो मोकळा करता येत नाही. माझ्याकडे असा कॅब आहे आणि मला तो फार आवडतो, तरी तुला आज सुचवणार नाही.

जाता जाता घरातल्या विजेबद्दल. मॉनिटर लावल्यावर घरघर येत असेल तर आधी अर्थिंग तपासून घे. थ्री-पिनची जाड पिन काढून घरघर घालवणारे लोक भेटतील. ती पिन तुझा जीव वाचवण्यासाठी आहे, तिला हात लावू नकोस. मॉडेलरला त्याचाच ९ व्होल्ट ३ अँपिअरचा अडॅप्टर लाव, पेडलचा साधा अडॅप्टर पुरत नाही. आणि फर्मवेअर अपडेट करताना लाइट जाण्याची शक्यता असेल तर इन्व्हर्टरच्या प्लगवर कर. आधी प्रीसेटचा बॅकअप घे.

आज रात्री कॅब पुन्हा चालू कर, रिकाम्या प्रीसेटवर ‘यूएस डिलक्स’ लाव, हेडफोन घाल, लो कट ९० आणि हाय कट ७ किलोहर्ट्झ ठेवून अर्धा तास वाजव. मग खोलीचं माप, गिटार कुठली आणि पिकअप सिंगल कॉइल की हंबकर, एवढं लिही. मॉनिटर टेबलावर ठेवायचे की स्टँडवर, ते त्यावरून सांगतो.