शिक्क्याआधी मूर्तीचं बूड बघा

पॅरिसजवळच्या सेंत-वांच्या जुन्या बाजारात घेतलेल्या तुमच्या ४३ सेंटीमीटरच्या 'व्हीनस द मिलो'वर 'एफ. बार्बदिएन' हे फ्रेंच कारखानदाराचं नाव कोरलंय, मागे गोल शिक्का आहे, म्हणजे ती अस्सलच ना, असं तुम्ही विचारलंय. तेवढ्यावर मी तरी 'हो' म्हणणार नाही. अक्षरं कुणीही उठवतो.

मूळ व्हीनस संगमरवरी, दोन मीटरहून उंच. १८२० साली मिलोस बेटावर सापडली आणि पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आली. आशिल कोलासने असं यंत्र बनवलं, की त्याचा एक दांडा मूर्तीच्या अंगावरून फिरायचा आणि दुसऱ्या टोकाचं पातं तीच वळणं लहान मापात कोरायचं. १८३८ मध्ये फर्दिनां बार्बदिएनने त्याच्याशी भागीदारी केली. (हा गडी मूळचा वॉलपेपरवाला!) मग लूव्रमधली व्हीनस वेगवेगळ्या मापांत ब्राँझमध्ये ओतली जाऊ लागली, घरोघरच्या दिवाणखान्यांसाठी. तुमच्याकडचा गोल शिक्का कोलासच्या यंत्राचा असेल, तर त्यात त्याचा चेहरा एका बाजूने दिसतो. भिंगातून बघा. मात्र या मूर्ती कित्येक वर्षं निघत राहिल्या, त्यामुळे दुर्मीळ वगैरे म्हणून कुणी भाव चढवला तर भुलू नका.

आता मूर्ती जाड टॉवेलवर आडवी करा. आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा कडेला, सुईने बारीक ओरखडा काढा. पिवळसर सोनेरी दिसलं तर ब्राँझ किंवा पितळ. पांढरट करडं दिसलं तर जस्त, वर नुसता रंग. लोहचुंबकाचा इथे उपयोग नाही, तो दोन्हींना चिकटत नाही.

ब्राँझ निघालं तरी थांबा. जुन्या मूर्तीवरून साचा काढून पुन्हा ओतलेल्या नकला असतात. धातू थंड होताना आकसतो, त्यामुळे नक्कल मूळ मापापेक्षा थोडी बुटकी भरते आणि तपशील बुजतात. केसांच्या बटा आणि कमरेखालच्या वस्त्राच्या चुण्या बघा. चांगल्या कारखान्यात ओतल्यावर कारागीर छिन्नीने एकेक रेघ धारदार करत. साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत घडी दिसली की मला शंका येते.

आणि कृपा करून तो 'काळा थर' घासू नका! आपल्याला देवाची भांडी चिंचेने लखलखीत करायची सवय. एका छोट्या ब्राँझवर मी तेच केलं होतं. तो थर म्हणजे मळ नव्हे, आच आणि रसायनं देऊन मुद्दाम चढवलेला रंग. गेला तो गेलाच. मऊ ब्रशने धूळ झाडा, वाटल्यास रंगहीन मेणाचा अगदी पातळ हात द्या. फिकट हिरवी भुकटी पडत असेल तर मात्र मेण न लावता मूर्ती कोरड्या जागी ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

बुडाचा आणि मानेवरच्या अंबाड्याचा फोटो टाका, उजेड बाजूने पडू द्या.