सॅक आधी येऊरला चढवून बघ

अगं, चार महिने बिनपगारी रजा काढून नर्मदा परिक्रमेला निघतेयस, छानच! पण खरेदी आवर. माझी पहिली सॅक तेरा किलोंची होती. चौथ्या दिवशी निम्मं सामान एका आश्रमात ठेवून पुढे गेले. तू दर रविवारी सात किलो पाठीवर घेऊन ठाण्यातल्या उपवनहून येऊरचा डोंगर चढ. नवे बूट तिथेच चावू देत, ओंकारेश्वरला नको.

नियम तुला ठाऊक असतीलच: नदी उजव्या हाताला, पात्र मध्ये ओलांडायचं नाही. नदी १३१२ किलोमीटर, म्हणजे दोन्ही काठ मिळून २६०० च्या वर. चार महिन्यांत रोज २२ किलोमीटर पडतात, तेही एकही दिवस न थांबता. जुना हिशेब ३ वर्षं, ३ महिने, १३ दिवसांचा आहे. निदान सहा महिने तरी माग!

चालणं जमतं गं. घेणं जमत नाही. पगाराची सवय असलेल्या हाताला सदावर्त, म्हणजे वाटेत मिळणारा फुकट शिधा, घेताना लाज वाटते. पहिल्यांदा एका बाईंनी पीठ, डाळ, मीठ ओंजळीने दिलं, तर मी पाकीट काढलं. त्यांनी असं पाहिलं की ते गुपचूप आत गेलं. मग गोवऱ्यांवर टिक्कड, म्हणजे जाड रोट्या, भाजायलाही त्यांनीच शिकवलं. बावन्नाव्या वर्षी, नौपाड्यातली ‘सुगरण’ मी, पीठ मळायला नव्याने शिकले.

एक साधी वही ने. माझ्या वहीतल्या निमाडी, म्हणजे तिथल्या नर्मदाकाठच्या बोलीतल्या, शब्दांचे अर्थ मी अजून शोधतेय.